गाईच्या तोंडात हात घातला होता

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. पोळ्याच्या सुमारास पिसाळलेला कुत्रा कोठ्यात शिरला आणि आमच्या गाईच्या मागच्या पायाला चावला. जखम भरून आली, म्हणून आम्ही ते विसरलो. आता दोन महिन्यांनी गाय खात नाही, लाळ गाळते आणि घोगऱ्या आवाजात सारखी हंबरते. घशात काही अडकले असेल म्हणून मी तोंडात हात घालून पाहिले. कापूस वेचून माझ्या बोटांना ओरखडे पडलेले होते. घरात तिचे दूधही घेतले आहे. गाय कोणालाही चावलेली नाही. आम्हाला धोका आहे का, आणि इतक्या दिवसांनी रोग येईल कसा?
— एक कास्तकार

उत्तर : तुमचे पत्र वाचताच आम्ही तुम्हाला फोन करून रुग्णालयात जायला सांगितले, तेच येथे सर्वांसाठी सविस्तर देत आहोत. धोका आहे, आणि तो तुमच्या हातालाच सर्वांत जास्त आहे. रेबीज होण्यासाठी चावाच लागतो असे नाही; बाधित जनावराची लाळ ताज्या ओरखड्याला, डोळ्याला किंवा तोंडाच्या आतल्या त्वचेला लागली तरी विषाणूला वाट मिळते. म्हणून अशा वेळी हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावा. या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते आणि साबणाने ते विरघळते. त्यानंतर त्याच दिवशी लस सुरू करावी. सरकारी दवाखान्यात ती बहुधा त्वचेत, पहिल्या दिवशी आणि मग ३ऱ्या, ७व्या व २८व्या दिवशी देतात. लाळ उघड्या जखमेला लागलेली असल्यामुळे जखमेतच टोचायची तयार प्रतिपिंडेही (विषाणूला निकामी करणारी प्रथिने) घ्यावी लागतात. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतील तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे.

दोन महिन्यांचा उशीर या विषाणूच्या प्रवासामुळे होतो. तो रक्तातून पसरत नाही. चाव्याच्या जागी स्नायूत काही काळ राहून तो मज्जातंतूत शिरतो आणि त्याच्या आतून दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर या गतीने मेंदूकडे सरकतो. पायाचा चावा मेंदूपासून लांब, म्हणून अवधी जास्त. चेहऱ्याचा किंवा मानेचा चावा जवळ, म्हणून अवधी कमी. माणसात हा काळ बहुधा १ ते ३ महिन्यांचा असतो, पण तो आठवडाभराचा किंवा वर्षाहून अधिकही असू शकतो. लस उपयोगी पडते ती याच अवधीत; लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीही वाचत नाही.

मेंदूत वाढल्यावर विषाणू मज्जातंतूंतूनच परत निघतो आणि लाळग्रंथींत उतरतो. त्याच वेळी घशाचे स्नायू लुळे पडत असल्याने लाळ गिळता येत नाही. गाईच्या घशात काही अडकल्यासारखे दिसते ते यामुळेच, आणि नेमके तेव्हाच माणूस काळजीने तोंडात हात घालतो. काही गाई माजावर आल्यासारख्या वागतात, कुंथतात, मागच्या पायांनी अडखळतात. लक्षणे दिसल्यावर जनावर बहुधा आठवडाभरात दगावते. कुत्र्यामांजरांसाठीचा १० दिवस नजर ठेवण्याचा नियम गाईला लागू नाही, तेव्हा त्यावर विसंबून लस लांबवू नका. मेलेल्या गाईचे कातडे सोलू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवून तिला खोल पुरावे.

उकळलेल्या दुधातून हा रोग होत नाही. कच्चे दूध कोणी प्यायले असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, आणि या गाईचे दूध आता वापरूच नये.

प्रश्न : शेजाऱ्याच्या मुलीला कुत्रा चावला. पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागतील या भीतीने ते जखमेत मिरची भरून घरीच बसले आहेत. काय करावे?
— एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : तिला आजच दवाखान्यात न्या. पोटातली इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लसीची होती; भारतात ती २००४ नंतर बंद झाली. आताची लस दंडात देतात आणि ती लहान मुलांना, गरोदर स्त्रियांनाही चालते. मिरची, चुना, तेल यांनी विषाणू मरत नाही, उलट चिघळलेली जखम धुणे अवघड होते. जखमेतली मिरची साबणपाण्याने पूर्ण धुऊन काढा आणि डॉक्टरांनी पाहीपर्यंत जखम बांधू नका.