"तुम्ही जाऊन या, मी घरी बरा आहे"

घरात कोणी व्हीलचेअरवर असेल तर समुपदेशनात एक प्रश्न हमखास येतो माझ्याकडे. "ह्यांना घेऊन हिल स्टेशनला जायचं म्हणतोय, पण ते नाहीच म्हणतात, आपण जबरदस्ती करतोय का? आणि नाही गेलो तर आम्ही तरी किती वर्षं घरात बसायचं?" विचारणारी बहुतेक वेळा बायको नाहीतर मुलगी असते आणि त्यातलं दुसरं वाक्य ती आवाज खाली करून बोलते, कारण आपल्यालाही फिरावंसं वाटतं हे बोलायचीच तिला लाज वाटत असते.

तर यावर एक केस सांगते. नावं देत नाहीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, काका-काकू म्हणते. काका पिंपरी-चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूममधे, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात त्या विभागात होते, आयुष्यभर मिलिमीटरमधे बोललेला माणूस. स्कूटरवरून पडले, मणक्याला मार लागला, कमरेखाली संवेदना नाही. हात मात्र चांगले दणकट, घरातल्या घरात बेडवरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर स्वतःचे स्वतः जातात. मुलगी बंगलोरला. तिने आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला शिमल्याचं बुकिंग करून टाकलं, सरप्राइज म्हणून, विमान हॉटेल सगळं, आणि काकांनी एका वाक्यात विषय संपवला, "तुम्ही दोघी जाऊन या, मी घरी बरा आहे." मुलगी रडली, काकू चिडल्या, आठवडाभर घरात टीव्हीचाच काय तो आवाज.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की ह्यांना डिप्रेशन आलंय, तुम्ही ह्यांना समजवा. आता समजवणं हे माझं काम नाही हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी लोकांचा चेहरा पडतो. मी म्हणलं, काकांना आधी एकट्याला भेटते.

काका आले आणि पहिला बराच वेळ खर्चावरच बोलले. मग थंडीवर. मग शिमल्यात आता काही राहिलं नाही, नुसती गर्दी, यावर. मी ऐकत होते, कारण यातलं एकही कारण खोटं नव्हतं, फक्त खरं कारण त्यातलं नव्हतं. शेवटी विचारलं, काका, घराबाहेर पडून शेवटचा त्रास कुठे झाला? तर लग्नाचा हॉल निघाला. नात्यातलंच लग्न, हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. चार पोरं आली, "काका काळजी करू नका" म्हणाली, काकांना एका शब्दाने न विचारता खुर्चीसकट उचललं. अर्ध्या जिन्यात एकाच्या हातात आर्मरेस्टच सुटून आला, खुर्ची तिरकी झाली, शर्ट वर गेला, युरिन बॅगेची नळी दिसली, आणि वरून कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. पडले नाहीत. पण त्या दिवशी ते दुपारपासून पाणी प्यायले नाहीत, कारण हॉलच्या बाथरूमचं दार खुर्चीपेक्षा अरुंद होतं. हे सगळं त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. काकूंच्या आठवणीत ते लग्न म्हणजे "ह्यांनी जेवताना तोंड पाडलं होतं" एवढंच.

माझ्या अनुभवात नव्वद टक्के वेळा "मला नाही यायचं" याच्या मागे बाथरूम असतं किंवा उचलणं असतं. हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझा अंदाज आहे. पण "तिथे माझी लघवीची सोय काय" हे आपल्याकडे साठीच्या पुरुषाला बायकोसमोर बोलता येत नाही, मुलीसमोर तर विषयच नाही, म्हणून मग तो खर्चाचं बोलतो. घरच्यांना वाटतं माणूस निराश झालाय आणि ते आणखी उत्साहाने सरप्राइज आखतात. सरप्राइज हा प्रकार व्हीलचेअरवरच्या माणसासाठी बंदच करावा असं माझं स्पष्ट मत आहे, वाईट वाटलं तरी चालेल. ज्याला दाराची रुंदी माहीत असल्याशिवाय पाणी पिता येत नाही त्याला सरप्राइज म्हणजे शिक्षा.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बसवलं. हॉलची गोष्ट काकांनीच सांगितली, तुटक तुटक. काकू ऐकून गप्प झाल्या आणि मग एकदम भडकल्या, "अहो मला सांगायचं ना तेव्हा!" चांगलं झालं, ते भांडण व्हायलाच हवं होतं. ते ओसरल्यावर मी म्हणलं, शिमल्याला जायचं की नाही हा विषय सध्या बाजूला ठेवा. काका, कुठेही जायचं झालं तर तुम्हाला काय काय अजिबात चालणार नाही ते लिहून आणा. सगळ्यात आधी बाथरूम लिहा. आणि काकू, तुम्हीही लिहा. त्या म्हणाल्या, मी काय लिहू? म्हणलं, तिकडे जाऊनही तुम्ही दिवसभर नर्सच असणार असाल तर ती तुमची सुट्टी कशी?

काकांनी जी यादी आणली ती पाहून मला हसू आवरेना. ड्रॉइंग होतं! खुर्चीची बाहेरून रुंदी ६३५ मिमी, म्हणजे २५ इंच, सीटची उंची, वळायला लागणारी जागा, सगळं मापासकट. खाली टीप, "खुर्ची उचलायची झाल्यास फ्रेमला धरणे, आर्मरेस्ट व फुटरेस्ट निघतात." त्या खाली, "मी सांगितल्याशिवाय हात लावू नये."

मग हॉटेल शोधायचं काम मुलीकडून काढून काकांकडे दिलं. मुलीने बुक केलेल्या हॉटेलला त्यांनी स्वतः फोन केला, तिकडून उत्तर आलं "सर फुल्ली व्हीलचेअर फ्रेंडली, बरेच सीनियर सिटिझन येतात." काका म्हणाले, बाथरूमच्या दारात टेप लावून फोटो पाठवा. फोटोत २२ इंच. झालं, कॅन्सल. ही टेपची युक्ती मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. "व्हीलचेअर फ्रेंडली आहे का" विचारलं की हॉटेलवाला हो म्हणतो, त्याच्या मते दारात रॅम्प आहे म्हणजे झालं. दाराची मोकळी रुंदी, कमोडच्या बाजूला खुर्ची लावायला जागा, बाथरूमच्या उंबऱ्याची उंची आणि बेडची उंची, एवढे फोटो मागायचे, नाही पाठवले तर पुढचं हॉटेल. अपंगांच्या हक्काचा कायदा २०१६ चा आहे पण दारं त्याच्या कितीतरी आधीची आहेत, त्यामुळे कायद्यावर विसंबून बुकिंग करू नका. शिमल्यात अजून एक भानगड, उतारावरच्या बऱ्याच इमारतींना रस्ता वरच्या मजल्यावर लागतो आणि खोल्या खाली असतात, म्हणजे "ग्राउंड फ्लोअर" ऐकून खूश व्हायचं नाही, रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती असंच विचारायचं. त्यांना पाचवं की सहावं हॉटेल जमलं.

यात गंमत अशी की जागा बदलावी असं काकांना वाटलंच नाही. उलट अभ्यास केल्यावर म्हणाले की शिमला वाटतं तेवढं वाईट नाही. उंची सुमारे २२०० मीटर, गाव सगळं डोंगराच्या धारेवर, हे खरं. पण मॉल रोडवर गाड्यांना बंदी आहे, परमिटशिवाय गाडी जात नाही, त्यामुळे खुर्ची रस्त्याच्या मधून चालवता येते, जे पुण्यात लक्ष्मी रोडवर करून दाखवा. खालच्या कार्ट रोडवरून मॉलवर यायला हिमाचल टुरिझमची लिफ्ट आहे, दोन टप्प्यांची, मधे थोडा पट्टा पार करावा लागतो. आणि रिज म्हणजे चर्चच्या समोरचं ते मोठं मैदान, ते बऱ्यापैकी सपाट, तिथे पोचलं की जाखूच्या टेकडीवरचा १०८ फुटांचा हनुमान बसल्या जागी दिसतो. मॉलवरून रिजवर जायला चढ आहे, तिथे मागून ढकलायला माणूस लागतो. शिमल्याजवळच्या कुफ्रीचे घोडे यादीतून आधीच कट.

टॉय ट्रेनचं मात्र काकांना फार होतं. कालका-शिमला लाइन १९०३ ची, २००८ मधे युनेस्कोच्या यादीत गेली, शंभरावर बोगदे, टूलरूमवाल्या माणसाला हे म्हणजे देवदर्शनच. त्यांनी स्वतःच वाचून मला सांगितलं, "मॅडम, रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, माझी खुर्ची ६३५. एवढ्याशा गाडीच्या डब्याच्या दारात मी कुठला मावतोय!" आणि हसले. मी तो क्षण धरून ठेवला, कारण हीच गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितली असती तर तो नकार झाला असता, त्यांनी मोजून ठरवल्यावर तो निर्णय झाला.

प्रवासाचं थोडक्यात सांगते कारण सगळे विचारतात. पुण्याहून चंदीगड विमानाने, पुढे साधारण ११५ किलोमीटर टॅक्सी. एअरलाइनला निदान ४८ तास आधी कळवायचं, आणि नुसतं "व्हीलचेअर हवी" सांगायचं नाही. त्यांचे कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. काकांचा शेवटचा. चुकीचा कोड पडला की ऐनवेळी शिडीच्या पायथ्याशी वाद. आपली खुर्ची विमानाच्या दारापर्यंत ठेवायची विनंती करायची आणि गादी, म्हणजे प्रेशर कुशन, लगेजमधे अजिबात द्यायची नाही, ती सोबत.

टॅक्सीला सगळे म्हणतात मोठी गाडी घ्या, ऐसपैस. पण मोठ्या गाडीची सीट खुर्चीपेक्षा बरीच उंच, सरकायचं कसं? काकांना साधी सेडान सोपी पडते. फक्त सीएनजीची नको, डिकीत सिलिंडर असतो, मग खुर्ची ठेवणार कुठे! हे बुकिंग करतानाच विचारायचं. घाटात वळणांवर तोल जातो म्हणून पुढची सीट आणि बाजूला उशी, दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं म्हणजे जखम होत नाही, आणि कॅथेटरच्या, म्हणजे लघवीच्या नळीच्या वेळेप्रमाणे थांबे आधीच ठरवलेले. थंडीचं एक सांगून ठेवते, ज्याच्या पायांना संवेदना नाही त्याच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर ठेवू नका. भाजलं तरी कळत नाही. पायमोजे आणि पांघरूण पुरे.

काकूंच्या कागदावर एकच ओळ होती आणि ती वाचायला त्यांना कितीतरी वेळ लागला. "रोज दोन तास मला मॉलवर एकटीला फिरायचंय." लगेच पुढे, "पण ह्यांना सोडून कसं..." काका म्हणाले, "अगं मी काय लहान आहे? मला रिजवर सोड, चहा घेऊन दे आणि जा." काकूंना ते ऐकून बरं वाटलं की वाईट हे त्यांनाच कळेना. त्या अपराधी वाटण्यावर आम्ही पुढे बरंच बोललो. काळजी घेणाऱ्या बायकांना विश्रांती ही मागायची गोष्ट वाटते आणि मागितली की आपण कमी पडलो असं वाटतं, यावर झटपट उपाय माझ्याकडे नाही, पण दोन तासांपासून सुरुवात होते.

ऑक्टोबरमधे गेले, पाऊस संपून हवा स्वच्छ असते तेव्हा. सगळं सुरळीत वगैरे झालं नाही. चंदीगडला कागदावर नसलेला एक तास थांबावं लागलं. हॉटेलच्या डायनिंग हॉलला दोन पायऱ्या निघाल्या, ज्या कोणत्याच फोटोत नव्हत्या. वेटर धावत आले आणि हात घालणार तेवढ्यात काकांनी हात वर केला, काकूंच्या भाषेत "ट्रॅफिक पोलिसासारखा", आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, रुको, पहले सुनो. दोघांनी कुठे धरायचं, खुर्ची आधी मागे किती कलवायची, मी तीन म्हणल्यावर उचला. दोन दिवस तेच, तिसऱ्या दिवशी वेटर स्वतःच फ्रेमला धरायला लागले. काकू मॉलवर एकट्या फिरल्या, पहिल्या दिवशी वीस मिनिटांत परत आल्या, नंतर शाल घेतली आणि जेवणाची वेळ चुकवली. त्यावरून रिजवर दोघांचं भांडण झालं, तेही सगळ्यांदेखत, हे मला दोघांनीही वेगवेगळं येऊन रंगवून सांगितलं.

मुलगी थोडी नाराज आहे, तिचं सरप्राइज गेलं. तिच्याशी एकदा फोनवर बोलणं झालं, तिला आता बाबांना फोन करून "तुम्हाला काय हवंय" विचारायची सवय लावायचीय, आणि ते सोपं नाही, कारण बाबा अजूनही पहिल्या झटक्यात "काही नको" म्हणतात. काका लग्नाच्या हॉलला अजून जात नाहीत. नोव्हेंबरमधे पुतण्याचं लग्न होतं, हॉलच्या जिन्याचा आणि बाथरूमचा फोटो मागवला, पाहिला, आणि आहेर काकूंबरोबर पाठवला. त्यावर आमचं काम चालू आहे.