कोरोनाच्या साथीत कान-नाक-घसा डॉक्टरांच्या कामावर काय परिणाम झाला?

सगळ्यात मोठा फरक तपासणीत पडला. विषाणूचा मुक्काम नाक-घशातच आणि हे डॉक्टर रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. "आ करा" म्हटलं की मास्क उतरलाच, वर खोकला. म्हणून २०२० मध्ये नाकातली दुर्बीण तपासणी गरजेपुरतीच उरली. टॉन्सिलची, कानाच्या पडद्याची ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवणं, मात्र टाळता येत नव्हतं. ते पीपीई किटमध्ये घामाघूम होत करावं लागे.

खरी कसोटी लागली २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या संसर्गाने. अनियंत्रित मधुमेह, त्यात कोरोनासाठी दिलेली स्टेरॉइडं. गाल बधिर, वरचे दात हलायला लागलेले, नाकातून काळपट स्राव. माझ्या मामांना आधी साधी दातदुखीच वाटली. सायनसमधला काळा पडलेला भाग दुर्बिणीतून खरवडून काढला आणि बुरशीवरच्या अँफोटेरिसिन बी इंजेक्शनांसाठी आम्ही तीन जिल्हे पालथे घातले. डोळा वाचला. टाळूचा तुकडा मात्र गेला, आता प्लेट लावून जेवतात.