इंदूर: शेजाऱ्यांचा पाळीव कुत्रा मुलाच्या पोटरीला चावला, ते म्हणतात, "आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे." खर्च त्यांनी द्यायला हवा का?

हो, कुत्रा मोकळा सोडला होता किंवा नीट धरला नव्हता, तर जबाबदारी मालकाची. त्याची लस झाली असली तरी ही जबाबदारी सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंड सरकारजमा होतो. मालक समजुतीने खर्च देत नसतील, तर भरपाईसाठी सहसा दिवाणी दावाच करावा लागतो आणि निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो. मुलाने कुत्र्याला डिवचलं असेल, तर बाजू कमकुवत होते.

कृपा करून आधी जखम बघा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही नको. मुलाची रेबीजची लस आजच सुरू करा, लाल अस्पतालात (हुकुमचंद पॉलीक्लिनिक) मिळते. दंडाच्या स्नायूत घेतल्यास 0 (पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. तेच बहुतेकांचं राहून जातं, आणि पहिल्या डोसला 7 दिवस उलटले की ते देत नाहीत. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, हिंदीत दिलात तर सोपं जाईल. सोबत:
- जखमेचे त्याच दिवशीचे फोटो
- दवाखान्याचा कागद, त्यावर "कुत्रा चावला" असं स्पष्ट लिहून घ्या
- औषधांची पक्की बिलं
- पाहणाऱ्यांची नावं