रॅपर, कवी आणि मुलांचा शिक्षक, तिन्ही एकाच माणसात? असं खरं उदाहरण कोणतं?

लंडनचा अकाला. जन्म १९८३, वडील जमैकन वंशाचे, आई स्कॉटिश-इंग्लिश. लहानपणी शाळेत हुशार असूनही त्याला शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांच्या गटात बसवलं होतं. आफ्रिकन-कॅरिबियन समाजाने चालवलेल्या शनिवारच्या शाळेने मात्र त्याला इतिहास आणि आत्मविश्वास दिला. मला त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कारण पुढचं काम तिथूनच उगवलंय.

२००६ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट हिप-हॉपसाठी मोबो पुरस्कार (कृष्णवर्णीयांच्या संगीतपरंपरेसाठी दिला जाणारा ब्रिटिश पुरस्कार) मिळाला. २००९ मध्ये त्याने 'हिप-हॉप शेक्सपिअर कंपनी' सुरू केली. कार्यशाळांत तो एकेक ओळ वाचतो आणि विचारतो: ही शेक्सपिअरची की रॅपरची? भलेभले चुकतात. मग तो शेक्सपिअरचं १८ वं सॉनेट (चौदा ओळींची कविता) हिप-हॉपच्या ठेक्यावर म्हणून दाखवतो, आणि ते चपखल बसतं! कविता 'आपली नाही' असं मानणाऱ्या पोरांना ती अशी हातात मिळते.

वंश आणि वर्ग यांवरचं त्याचं पुस्तक २०१८ मध्ये आलं. आणि हो, 'अकाला' हे नाव बौद्ध परंपरेतलं, म्हणजे आपला 'अचल'.