फीडरवर येणारा शिकारी कोणता?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मागच्या अंगणातल्या फीडरवर (पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाणापात्रावर) चिमण्या, होले आणि जंको नावाचे चिमणीसारखे छोटे पक्षी येतात. डिसेंबरपासून एक शिकारी पक्षी त्यांच्यावर झडप घालतो आहे. शेजारी त्याला कूपर्स हॉक म्हणतात, मोबाइलवरचे ॲप शार्प-शिन्ड हॉक. मला तो कावळ्याएवढा वाटला, मुलीला साळुंकीहून जेमतेम मोठा. छायाचित्र सोबत आहे. हा कोण, आणि याचे करावे काय?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आकारावरून वाद घालू नये, तिथे भलेभले फसतात. कूपर्स शार्प-शिन्डहून मोठा खरा, पण दोन्ही जातींत मादी नराहून बरीच मोठी असते, त्यामुळे समोर बसलेली शार्प-शिन्डची मादी आहे की कूपर्सचा नर, हे तुलनेला दुसरा पक्षी जवळ नसताना नुसत्या नजरेने ठरवणे फार अवघड जाते. आपल्याकडे शिक्रा हा शिकारी पक्षी आणि त्याच्यासारखा दिसणारा कोकीळकुळातला पावशा यांची गफलत होते, पण तिथे चोच पाहून सुटका होते. इथे दोघेही खरे शिकारी असल्याने तीही सोय नाही.

पाहावे ते डोके आणि शेपूट. कूपर्सचे डोके मोठे व माथ्याशी चपटे असते, तर शार्प-शिन्डचे लहान व गोल, त्यात डोळा उगाच मोठा भासतो. कूपर्सच्या शेपटीची कडेची पिसे मधल्यांहून आखूड असल्याने टोक गोलसर दिसते आणि त्याला रुंद पांढरी किनार असते. शार्प-शिन्डची शेपटी सरळ कापल्यासारखी असते. मात्र पिसे झिजली की किनार नाहीशी होते, म्हणून एकट्या शेपटीवर निकाल देऊ नये.

आपल्या छायाचित्रातील पक्ष्याची पाठ तपकिरी आणि डोळा पिवळा आहे, म्हणजे तो अजून पोरसवदा आहे. प्रौढाची पाठ निळसर राखाडी आणि डोळा नारिंगी ते लाल असतो. छातीवरच्या रेघा बारीक व गडद असून पोटाकडे विरळ होत गेल्या आहेत. शार्प-शिन्डच्या पिल्लाला त्या जाड, तांबूस आणि थेट पोटापर्यंत असतात. शिवाय कुंपणावर टेकलेले पाय चांगले दणकट दिसतात. शार्प-शिन्डचे पाय काडीसारखे असतात. तेव्हा शेजाऱ्यांचेच खरे, हा कूपर्स.

त्याला इजा करणे तिथे कायद्याने गुन्हा आहे. फीडर आठ-पंधरा दिवस उतरवून ठेवावा. तो शिकारीसाठी दुसरीकडे वळतो, आणि दाणे पुन्हा टांगले की चिमण्या परत येतात.