ख्रिस्ती माणसाने मत कुणाला द्यायचं? तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात लिहिलं होतं की मतदानाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि एवढं आलं की बस, पत्रं, व्हॉट्सअॅप मेसेज आणि लांबच लांब व्हॉइस नोट (व्हॉइस नोट प्लीज नका पाठवू, ऐकून ऐकून लिहून काढावं लागतं). सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम काढून टाकलीत. पक्ष कुठला ते सांगा म्हणणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही, ते मी माझ्या नवऱ्यालाही सांगत नाही.

प्रश्न : ताई, मी पहिल्यांदाच मत देणार आहे. आमच्या वॉर्डात आमच्याच धर्मग्रामातला, म्हणजे आमच्याच चर्चचा, एक जण उभा आहे. आई म्हणते आपल्या माणसाला सोडून दुसऱ्याला दिलंस तर ती समाजाशी गद्दारी. पण खरं सांगू का, मला दुसरा उमेदवार जास्त कामाचा वाटतो, तो ख्रिस्ती नाही. मी चुकतोय का? (एक वाचक, वसई)

नाही चुकत. पण आईशी भांडू नकोस, कारण तिच्या म्हणण्यामागे भीती आहे आणि ती भीती काही हवेतून आलेली नाही. आपण आकड्याने थोडे, आपलं ऐकणारं कुणी सभागृहात असावं असं वाटणं साहजिक आहे.

आता बायबल काढ आणि निर्गमचा अठरावा अध्याय वाच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणतो की बाबा असं नाही चालणार, हाताखाली माणसं नेम, आणि कशी माणसं तर कर्तबगार, देवाला भिणारी, खरी आणि लाचेचा तिटकारा असलेली. बास. आपल्या कुळातली, आपल्या नात्यातली हव्यात असलं काही तो सांगत नाही. आणि सांगणारा कोण, तर मिद्यानी याजक, म्हणजे इस्राएली पण नाही! त्याचा सल्ला मोशेने निमूटपणे ऐकला. मला तर ही उमेदवार निवडायची सगळ्यात जुनी आणि अजून चालणारी कसोटी वाटते. आपल्या धर्मग्रामातला उमेदवार त्यात बसत असेल तर खुशाल त्याला दे, दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो एवढंच त्याचं भांडवल असेल तर नको देऊस.

आणि हे मी आज नवीन काही सांगत नाहीये. १९३५च्या कायद्याने मुंबई प्रांतात भारतीय ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ होते, म्हणजे आपण आपल्यालाच मत द्यायचं. पुढे संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी, हे स्वतः बंगाली ख्रिस्ती आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष. १९४९ मध्ये धर्माच्या नावावर विधिमंडळात राखीव जागा नकोत असं ठरलं ते यांच्यासारख्या लोकांच्या पाठिंब्यानेच, जेझुइट फादर जेरोम डिसोझा पण त्याच मताचे होते. चांगली आयती मिळणारी जागा सोडली त्यांनी, कारण कायम वेगळ्या खोलीत बसून राहिलो तर घरातल्या मोठ्या चर्चेत आपल्याला कोण विचारणार हा त्यांचा हिशोब होता. तो शंभर टक्के बरोबर ठरला असं मी म्हणणार नाही, विधानसभेत आपली माणसं किती दिसतात ते तूच बघ. पण तेव्हा त्यांनी केलं ते भित्रेपणाने केलं नाही.

तुझ्याच गावातलं उदाहरण देऊ का, २००९चं. वसई-विरार महानगरपालिका झाली, गावं त्यात नकोत म्हणून पश्चिम पट्टा पेटला होता, आणि त्या वर्षी विधानसभेला विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले, ते काही ख्रिस्ती नव्हेत, वेठबिगार आदिवासींसाठी काम करणारे. ख्रिस्ती गावांनी त्यांना उचलून धरलं ते मुद्द्यावर. मुद्दा बरोबर होता की चूक यावर तुमच्याकडे अजून भांडणं होतात ते मला माहितीये, ती तुम्ही करा, पण मत धर्म बघून पडलं नव्हतं एवढं तरी मान्य कराल. त्याआधी हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो विहिरीच्या पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरले, ते पाणी काय फक्त बाप्तिस्मा झालेल्यांनी प्यायचं होतं?

माझं म्हणणं एवढंच, ख्रिस्ती म्हणून मत देणं वेगळं आणि ख्रिस्ती लोकांसाठी मत देणं वेगळं. पहिल्यात वॉर्डातल्या सफाई कामगाराला हातमोजे मिळतात का हे पण येतं. दुसऱ्यात दफनभूमीची भिंत येते. भिंत पण हवीच, पण तेवढंच नको.

प्रश्न : आमच्याकडे उपदेशात नाव न घेता सगळं सांगून टाकतात, म्हणजे चिन्हच काय ते दाखवायचं बाकी असतं. हे चालतं का? (नाशिक, पुणे आणि मुंबईहून, जवळजवळ हाच प्रश्न)

नाही चालत, आणि दोन्हीकडून नाही चालत. चर्चच्या बाजूने बघितलं तर कॅथलिकांच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, धर्मगुरूंनी सत्तेचं पद घेऊ नये आणि पक्षात सक्रिय भाग घेऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये पाळकांना असा सरसकट नियम नसेल, पण वेदी सगळ्यांची आहे, समोर बसलेल्यांत तीन पक्षांची माणसं असतात.

कायद्याच्या बाजूने तर अजून कडक. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी धर्माच्या नावावर मत मागितलं तर तो भ्रष्ट आचार, निवडणूक रद्द होऊ शकते. आणि याच कलमात अजून एक गंमत आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते : मतदाराला देवाच्या कोपाची भीती घातली तर तोही मतदारावर गैरवाजवी दबाव धरतात. म्हणजे 'अमक्याला मत दिलंस तर देव बघून घेईल' हे उमेदवाराच्या संमतीने कुणी बोललं तर ते नुसतं वाईट प्रवचन राहत नाही.

यावर सुप्रीम कोर्टाचा गाजलेला निकाल आपल्या मुंबईच्याच केसमधून आलाय, सांताक्रूझची १९९०ची विधानसभा निवडणूक, अभिराम सिंग विरुद्ध कोमाचेन. निकाल लागला २ जानेवारी २०१७ला! सात न्यायमूर्ती, चार विरुद्ध तीन. बहुमताने सांगितलं की उमेदवाराचा धर्म सांगून मत मागणं तर चुकीचंच, पण मतदाराच्या धर्माला हाक मारणं पण चुकीचं. तीन न्यायमूर्तींचं म्हणणं वेगळं होतं, की ज्यांच्यावर धर्म-जातीमुळे अन्याय झालाय त्यांनी त्या अन्यायाबद्दल बोलायचंच नाही का. मला त्या तिघांचा मुद्दा पण पटतो. दलित ख्रिस्ती लोकांचंच बघा, १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, आपल्या मागच्या गल्लीतले राहिले ते राहिलेच, हा प्रश्न मांडताना धर्माचं नाव येणारच की. अन्याय मांडणं आणि धर्मावर मत मागणं यात फरक आहे, तो बोलताना सांभाळावा लागतो.

मग चर्चने गप्प बसायचं का? अजिबात नाही. मिझोरामला बघा, तिथल्या प्रेस्बिटेरियन सिनडच्या, म्हणजे त्या चर्चच्या मुख्य सभेच्या, पुढाकाराने २००६मध्ये मिझोराम पीपल्स फोरम झाला, तो सगळ्या पक्षांना एकत्र बसवून लेखी करार करून घेतो, जेवणावळी नाहीत, पैशाचा पाऊस नाही, बॅनर इतकेच. उमेदवारांना एकाच स्टेजवर बोलायला लावतात, लोकांनी ऐकायचं आणि ठरवायचं. नागालँडमध्ये बॅप्टिस्ट चर्च कौन्सिल 'क्लीन इलेक्शन'ची मोहीम चालवतं, दुसऱ्याचं मत टाकू नका, गावाने ठरवलं म्हणून सगळ्या घराने एकालाच टाकू नका. तिथे हे सगळं शंभर टक्के पाळलं जातं असं नाही, पण चर्च काय करू शकतं ते कळतं. मत कसं द्यायचं ते सांगा ना पाळकसाहेब, कुणाला ते आमचं आम्ही बघू.

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. आमच्याकडे एका इच्छुकाने मंडळीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून दिले, नंतर घरोघरी पाकिटं वाटली आणि बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की मत आम्हालाच. आता मन खातंय. शपथ मोडली तर पाप, नाही मोडली तर चुकीच्या माणसाला मत. काय करू? (एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा)

ताई, तुमचं पत्र वाचून मला राग आला, तुमचा नाही, बायबल घेऊन दारोदार फिरणाऱ्यांचा. हे लोक आपल्याला बरोबर ओळखून असतात, देवळाबाहेर हळदीवर हात ठेवायला लावतात तसं आपल्याकडे पवित्र शास्त्र.

शपथेचं सांगते. मार्क, सहावा अध्याय. हेरोद राजाने जेवणावळीत नाचून दाखवणाऱ्या पोरीला सगळ्यांसमोर शपथ घेऊन सांगितलं की मागशील ते देईन, तिने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर मागितलं. राजाला वाईट वाटलं, पण शपथ घेतली आणि पंक्तीला बसलेले लोक बघतायत म्हणून त्याने ती पाळली, आणि एका निरपराध माणसाचं मुंडकं तबकात आलं. शपथ पाळली म्हणून हेरोदाचं कौतुक कुणी करतं का? चुकीचं काम करायची शपथ माणसाला बांधत नाही, त्या शपथेबद्दल पश्चात्ताप करायचा आणि मोकळं व्हायचं. पाळकांशी बोलायचं असेल तर बोला, नसेल बोलायचं तर स्वतः प्रार्थना करा.

पाकीट परत करता येत असेल तर करा. आमच्याकडे काही जण म्हणतात पैसे घ्या आणि मत मनासारखं द्या, लुटलेलंच आहे त्यांनी. मला हे पटत नाही. कायद्याने लाच देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार आहेत हे एक, आणि दुसरं म्हणजे पुढच्या पाच वर्षांत नळाला पाणी नाही म्हणून तुम्ही गेलात की तो म्हणणार, तुमचा हिशोब झालाय. परत करायला भीती वाटत असेल, गावात एकटी बाई, मला समजतं, तर ठेवून घेतल्याबद्दल स्वतःला जाळत बसू नका, पण मत विकलं गेलं असं मात्र धरू नका. मत गुप्त आहे, मशीनजवळ तुमच्याशिवाय कुणी नसतं, 'आम्हाला सगळं कळतं' ही नुसती धमकी असते.

पेव्हर ब्लॉकचा प्रश्न मात्र तुमचा नाही, मंडळीच्या पंच कमिटीचा आहे. निवडणुकीच्या तोंडावर आलेली देणगी घ्यायची नाही असा ठराव करायला कुणी अडवलंय? एका बैठकीचं काम आहे.

प्रश्न : रोमकरांस पत्र अध्याय १३ नुसार अधिकारी देवाने नेमलेले आहेत. मग सरकारवर टीका करणं, मोर्चे काढणं हे विश्वासणाऱ्याला शोभतं का? (एक बंधू, सोलापूर)

भाऊ, पौलाने ते लिहिलं तेव्हा रोममध्ये नीरोचं राज्य होतं आणि वाचणाऱ्यांपैकी कुणालाच मत नव्हतं. कर भरा, दंगे करू नका, सत्तेचं काम चांगल्याला आधार आणि वाइटाला धाक देणं हे आहे, असं त्याचं सांगणं. म्हणजे त्यात सत्तेलाही काम लावून दिलंय, ते बहुतेक जण वाचताना गाळतात. आणि पेत्राला गप्प बस म्हटल्यावर तो काय म्हणाला, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. दोन्ही एकाच शास्त्रात आहेत. शिवाय आपल्या देशात 'आम्ही भारताचे लोक' असं संविधानाच्या पहिल्याच ओळीत आहे, म्हणजे कैसराचं ते कैसराला भरून द्यायचं तर तो कैसर थोडासा तुम्ही पण आहात की. पंडिता रमाबाई १८८९च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी होत्या. जोसेफ बाप्टिस्टा, ज्यांना लोक काका म्हणायचे, लोकमान्य टिळकांचे स्नेही आणि १९१६च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. यांचा विश्वास काही त्यामुळे कमी झाला नाही. टीका करा, मात्र ज्यांच्यावर टीका करता त्यांच्यासाठी प्रार्थना पण करा, ती आज्ञा तीमथ्याच्या पत्रात आहे आणि ती जास्त अवघड आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आता तिथली नागरिक आहे. इथल्या चर्चमध्ये गर्भपात या एकाच मुद्द्यावर मत ठरवतात, आणि स्थलांतरितांबद्दल जे बोलतात ते मला ऐकवत नाही. मी काय करू?

तुम्ही कॅथलिक असाल असं धरून सांगते. गर्भपात गंभीर पाप आहे ही चर्चची शिकवण आहे, ती कुणी सौम्य करून सांगत नाही. पण २००४मध्ये कार्डिनल रॅट्झिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले, त्यांनी अमेरिकेच्या बिशपांना लिहिलं होतं की गर्भपातासाठी नव्हे तर दुसऱ्या तितक्याच वजनदार कारणासाठी कुणी गर्भपाताच्या बाजूच्या उमेदवाराला मत दिलं तर ते मान्य होऊ शकतं. आणि सप्टेंबर २०२४मध्ये पोप फ्रान्सिसना विमानात पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्यांनी दोन्ही गोष्टी, स्थलांतरितांना हाकलणं आणि गर्भपात, जीवनाच्या विरोधात आहेत म्हटलं, कमी वाईट निवडा, आणि कुठलं कमी ते ज्याने त्याने सदसद्विवेकाने ठरवा. म्हणजे चेंडू परत तुमच्याकडेच. स्वतः स्थलांतरित असल्यामुळे तुमचं झुकतं माप कुठे पडतंय तेवढं मात्र तपासा.

प्रश्न : 'अमुक पक्ष आला तर चर्च बंद होणार' असे फॉरवर्ड येतात. पुढे पाठवू का?

नको. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्डला पण लागू आहे. खरा हल्ला, खरा कायदा असेल तर तारीख, जागा, कलम सगळं देऊन बोला.

प्रश्न : मतदान रविवारी आलं तर? आमच्या आजी जाणारच नाहीत.

आजींना सांगा की २०२३ला मिझोरामची मतमोजणी ३ डिसेंबरला, रविवारी होती, लोकांनी मागणी केल्यावर आयोगाने ती सोमवारी ढकलली. म्हणजे आधी मागणी करता येते. नाहीच बदलली तारीख तर कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळची मिस्सा आहे, बाकीच्यांनी उपासना झाली की तसंच चर्चच्या कपड्यांत केंद्रावर जायचं, ओळखपत्र तेवढं आदल्या रात्रीच पर्समध्ये टाकून ठेवा.