रंकाळ्यावर प्री-वेडिंग शूट केलं. आता फोटोग्राफर न विचारता आमचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकतोय. थांबवता येईल का?

हो, पैसे देऊन शूट करून घेतलं असेल तर थांबवता येईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा (व्हिडिओचाही) पहिला मालक म्हणजे ज्याच्या सांगण्यावरून तो काढला तो माणूस. 'क्लिक ज्याचं, फोटो त्याचा' असं स्टुडिओवाले ठासून सांगतात, खरं तो नियम फुकटात काढलेल्या फोटोला. मात्र करारात उलट काही ठरलं नसेल तरच हे लागू होतं. म्हणून आधी बुकिंगचा कागद काढून मागची बारीक अक्षरं वाचा. 'फोटो जाहिरातीसाठी वापरण्यास हरकत नाही' या ओळीखाली सही केली असेल, तर विनंतीच करावी लागेल.

सही नसेल तर फोनवर वाद घालू नका. व्हॉट्सअॅपवर लेखी सांगा आणि पोस्टचे स्क्रीनशॉट ठेवा. तरीही ऐकलं नाही, तर इन्स्टाग्रामचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्यानंच तो भरलेला बरा. आणि हो, मालकी तुमची असली तरी कलम ५७ प्रमाणे फोटो काढणारा म्हणून त्याच्या नावाचा हक्क त्याच्याकडेच राहतो.